हुंकार देऊ नका

नागपूरच्या एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये आम्हा विक्रीवाल्यांना एकदा ‘गोष्टीतून विक्री’ हा विषय शिकवण्यात आला. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. शिकवणारा तरुण मुंबईहून विमानाने आला होता आणि हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितले. माल विकू नका, गोष्ट सांगा, माल मागून येतो, असे त्याचे म्हणणे. उदाहरण म्हणून त्याने एक गोष्ट सांगितली.

पूर्व विदर्भातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे धानाचे पीक एका कंपनीच्या भुकटीने वाचले. कंपनीने त्याला मंचावर बोलावले. तो बोलायला उभा राहिला आणि त्याचा गळा इतका दाटून आला की चार वाक्यांपुढे त्याला बोलताच येईना. सभा निःशब्द झाली. “ती शांतता,” तरुण म्हणाला आणि स्वतःही नीट मोजून दोन क्षण शांत राहिला, “ती शांतता कुठल्याही जाहिरातीत विकत मिळत नाही.”

हॉलमधल्या सगळ्या माना हलल्या. एकदोघांनी तर ‘वा’ म्हटले. माझ्या शेजारच्याने मला विचारले, आवडली नाही का?

तो शेतकरी माझा मामा होता. म्हातारा नव्हता, चाळिशीचा होता. गळा दाटणे हा प्रकार त्याला माहीत नव्हता. तलावाच्या या टोकावरून त्याने हाक मारली की त्या टोकाची म्हैस मान वर करून पाही. आणि शांतता का पडली, हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होते. तिथे मी काही बोललो नाही. जेवणात तीन प्रकारचे गोड होते, तेही खाल्ले. राग घरी आल्यावर आला आणि अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

माझ्या आईचे गाव मोहाडीच्या बाजूला, तलावाखालचे. तिला दोन भाऊ. धाकटा मामा कहाणी सांगणारा. जेवणे झाली की शेजारपाजारचे त्याच्या ओसरीवर येऊन बसत आणि तो सुरू करी. आमच्या भागात कहाणी ऐकण्याची एक रीत आहे. सांगणारा प्रत्येक वाक्यापाशी किंचित थांबतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी ‘हूं’ म्हणतो. याला हुंकार देणे म्हणतात. हुंकार थांबला की कहाणी थांबते. ‘हूं’ म्हणजे ‘खरे आहे’ असे नव्हे, ‘पटले’ असेही नव्हे. ‘मी जागा आहे, तू सांग’ एवढाच त्याचा अर्थ. राजाच्या पोटातून सोन्याचा आंबा निघाला, हूं. आंब्याने राजाला शिवी दिली, हूं. या दोन्ही गोष्टींवर ओसरीवरच्या कोणाचाही विश्वास नसे आणि हुंकार मात्र एकही चुकत नसे.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की होती. कोणी खरी बातमी सांगत असेल, कोणाचे दुखणे, कोणाच्या घरचे मरण, तर हुंकार द्यायचा नाही. गप्प ऐकायचे. मी लहान असताना एकदा कोणाचा बैल साप चावून मेल्याचे मामा सांगत होता आणि मी सवयीने ‘हूं’ म्हणालो. मामाने माझ्याकडे असे पाहिले की मी आईच्या मागे सरकलो. “कहाणी होय का बे हे?” एवढेच तो म्हणाला.

मोठा मामा कहाणी सांगत नसे. त्याच्याकडे गावाने तलावाचे पाणी दिले होते. म्हणजे पाऊस दडी मारून बसला की कोणाच्या बांधीत, त्या आमच्या धानाच्या चौकटीत, कोणत्या दिवशी आणि किती वेळ पाणी सोडायचे, हे ठरवायचे आणि तलावाच्या पाळीतली, म्हणजे मातीच्या बांधातली, मोरी त्याप्रमाणे स्वतः उघडायची-लावायची. हे काम ज्याच्या झोपेवर गावाचा भरवसा आहे त्यालाच मिळते. दरवर्षी जेठ महिन्यात गाव बसून तो माणूस ठरवी, आणि अकरा-बारा वर्षे ठरवायला गावाला अर्धे पानही चघळावे लागले नव्हते. मोठ्या मामाकडे घड्याळ नव्हते. त्याची गरज गावालाच वाटत नसे.

आता माझे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात मी एम. ए. अर्धे टाकून, पुष्कळ वाचून आणि त्याचा काहीही उपयोग नसल्याचे कळून चुकल्यावर, कीटकनाशक भुकटी विकणाऱ्या एका कंपनीत प्रचारक झालो. जीप, पडदा, स्लाईडचे यंत्र, ते चालवायला जनरेटर, आणि एक साहेब. साहेब पुण्याकडचे, बोलणे स्वच्छ, बूट त्याहून स्वच्छ. आधीचे प्रचारक तुडतुडा म्हणजे कोणती कीड, भुकटी एकराला किती, हे सांगत आणि माणसे उठून जात. साहेबांनी कुठेतरी जाऊन प्रशिक्षण घेतले होते. ते म्हणाले, “शेतकऱ्याला माहिती नको असते. त्याला स्टोरी हवी असते.”

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ओसरीवर राजाच्या पोटातून आंबे निघत होते, त्या माणसांना गोष्ट काय असते हे शिकवायला हे जीप घेऊन निघाले होते. पण तेव्हा मला राग आला नाही. मला आनंद झाला. वाचलेल्या पुस्तकांना अखेर काम मिळाले असे वाटले.

स्टोरीला चेहरा हवा, म्हणून मी धाकट्या मामाचे नाव सुचवले. त्याच्या मिशा चांगल्या होत्या. कंपनीने त्याला एक थैली भुकटी फुकट दिली आणि त्याने ती एका बांधीत मारली. आठ दिवसांनी मी विचारले तेव्हा त्याने सांगितले, तुडतुडे मेले, मासेबी मेले, खेकडेबी मेले, आता काय लिहायचं ते लिही. मी तुडतुडे लिहिले.

फोटो काढणारा यायला पंधरा दिवसांनी उशीर झाला. मामाचा धान हलका, म्हणजे लवकर तयार होणारा. तो तोवर कापून झाला होता. त्याच्या बांध्यांत नुसती खुंटे. शेजारी धुऱ्यापलीकडे, म्हणजे सामाईक बांधापलीकडे, मोठ्या मामाचा भारी धान, उशिरा येणारा, गळ्याएवढा, लोंबांनी वाकलेला, उभा होता. त्याच्या धुऱ्यावर एक मोहाचे झाड होते, विजेने मधोमध चिरलेले आणि दोन्ही अंगांनी जिवंत राहिलेले. फोटोवाल्याला ते झाड फार आवडले. मोठा मामा त्या दिवशी तालुक्याला गेला होता. धाकटा मामा म्हणाला, हे तं दादाचं वावर होय. साहेब म्हणाले, फोटोत सातबारा दिसत नाही. मी हसलो. मामा फेटा बांधून भावाच्या धानात उभा राहिला. भाचा सांगतो आहे तर काहीतरी कारण असेल, असा त्याचा हिशोब.

मग गोष्ट लिहायला बसलो. साहेब म्हणाले, नुसते पीक वाचले यात काही दम नाही, विरोध पाहिजे, एक चांगला आणि एक वाईट. मी म्हणालो, दोन भाऊ करता येतील.

“याला भाऊ आहे?”

“आहे. मोठा.”

“आळशी आहे का?”

“नाही हो.”

“स्टोरीत असेल,” साहेब म्हणाले.

एवढाच संवाद झाला. मला कोणी धमकावले नाही, पैसे वाढवून दिले नाहीत. मी कागद ओढला आणि आमच्या झाडीबोलीत मोठा आळशी भाऊ लिहिला. तो मोहाच्या सावलीत निजतो. धाकटा म्हणतो, दादा, धानावर तुडतुडे आले. मोठा कूस बदलतो आणि म्हणतो, “पाहू न उद्या.” धाकटा म्हणतो, दादा, कंपनीची पावडर आणू. “पाहू न उद्या.” शेवटी धाकट्याचा धान पडद्यावर सोन्यासारखा, आणि मोठ्याच्या बांधीची स्लाईड म्हणून धाकट्याची कापलेली खुंटे. म्हणजे भावाचे पीक याचे झाले आणि याची खुंटे भावाची झाली. चोरी इतकी सरळ अदलाबदल करून क्वचितच होत असेल.

उन्हाळ्यात आम्ही फिरलो. साकोलीच्या बाजूची गावे, तुमसरच्या बाजूची गावे. दिवेलागण झाली की पडदा लागे आणि मी माईकवर गोष्ट सांगे. पहिल्याच गावात, दुसऱ्याच वाक्याला, अंधारातून आवाज आला. हूं. पुढच्या वाक्याला चार जणांचा. दहाव्या वाक्याला अख्ख्या मैदानाचा. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. “प्रत्येक वाक्याला होकार! तुम्ही ऐकलंत ना? असा प्रतिसाद मी आयुष्यात पाहिला नाही.”

मी त्यांना सांगायला हवे होते की तो होकार नव्हता. ते तुम्हाला एवढेच कळवत होते की आम्ही झोपलो नाही, चालू द्या. मी सांगितले नाही. माझी गोष्ट चालत होती ना. ‘पाहू न उद्या’ला माणसे पोट धरून हसत. तिसऱ्या वेळेपासून तर माझ्याआधी तीच म्हणत. एका गावात पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, हा तं भारी धान होय वं, हलका म्हून काहून सांगून राहिला हा पोट्टा? शेजारीण म्हणाली, कहाणी होय ना माय, ऐक गपचूप. आणि दोघींनी मिळून पुढचा हुंकार दिला. त्यांना सगळे कळले होते. कळले नव्हते ते एकट्या साहेबांना. त्यांनी मुंबईला अहवाल धाडला की शेतकऱ्यांनी एकमुखाने मान्यता दर्शवली आहे. अहवाल मीच टाईप केला. मान्यता या शब्दावर माझी बोटे थोडी थांबली होती, एवढेच माझ्या बाजूने सांगता येते.

मामांचे गाव मी फेरीतून वगळले होते. म्हणजे मला कळत होते. काही कळत नव्हते म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, याचे मूळ इथे आहे.

मोठ्या मामाची सासुरवाडी बपेऱ्याला. आम्ही बपेऱ्याला पडदा लावला त्या दिवशी तो तिथे गेला होता. अंधारात लोकांत बसला होता. मला दिसला नाही.

आठवड्याभराने आईने सांगितले, मोठ्याकडे जाऊन ये, काही तरी बिनसले आहे. मी गेलो. तो अंगणात दोर वळत होता. मला पाहताच उठला, हात धुतले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. बहिणीचा मुलगा म्हणजे देवाच्या जागी. त्याआधी शंभरदा पडला असेल, मला कधी काही वाटले नव्हते. त्या दिवशी पाय मागे घ्यावेसे वाटले आणि तेही घेता येईनात.

त्याने पाणी दिले. मग दोर वळता वळताच बोलला. “मीबी हुंकार देल्लं, बाबू. अर्ध्या कहाणीपावतर.”

त्याने दोराला आणखी एक पीळ दिला.

“मंग माया मोह दिसला.”

चिरलेले झाड. पडद्यावर, दोन पुरुष उंच. त्याखाली त्याचा धान आणि धानात त्याचा भाऊ, फेटा बांधून. आणि माईकवर त्याच्या बहिणीच्या मुलाचा आवाज, की या वावराचा धनी हुशार आहे, आणि याचा भाऊ मोहाखाली निजतो.

बाकीचे मला मोठ्या मामीकडून कळले. मोहाडीच्या बाजारात कोणी तरी त्याला मागून हाक मारली होती, काय गा, पाहू न उद्या? बपेऱ्याचा कोणी पाहुणा बाजारात होता, त्याने झाड ओळखले होते, मग माणूस ओळखला होता. नाव बाजारातून गावात आले. पोरे पाळीवरून जाताना म्हणू लागली. आणि मग गंमत राहिली नाही. जेठात गाव बसणार होते, आणि दोन-तीन जण म्हणू लागले होते की पाण्याचे काम यंदा दुसऱ्या कोणाला देऊन पाहावे. कोणी म्हणत नव्हते की तो झोपतो. सगळ्यांना ठाऊक होते की तो झोपत नाही. पण ज्याच्या नावावर दहा गावे हसतात, त्याने मोरी लावली असता ‘माझी पाळी संपली नाही’ म्हणून भांडणाऱ्याला तो काय सांगणार? तो समोरून म्हणेल, पाहू न उद्या. पाण्याच्या माणसाकडे नावाशिवाय दुसरे हत्यार नसते.

धाकट्याशी त्याचे बोलणे बंद झाले होते. एका धुऱ्याचे दोन भाऊ, एकमेकांकडे न पाहता वावरात जात. धाकट्याने गोष्ट ऐकलीच नव्हती. त्याला फोटो माहीत होता, गोष्ट माहीत नव्हती. ती मी त्याला सांगितली, त्याच्याच ओसरीवर, दुपारी. तो गप्प ऐकत होता. एकदाही हूं म्हणाला नाही. शेवटी म्हणाला, “कहाणीत जित्या माणसाले टाकतेत का, बाबू? राजाले टाक. राक्षसाले टाक. त्यायले घरदार नाई.”

साहित्यावरच्या पुष्कळ व्याख्यानांना मी नंतर बसलो आहे. इतके सरळ वाक्य एकाही व्याख्यानात ऐकले नाही.

मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, मोठा भाऊ काढून टाकू. ते म्हणाले, तोच तर स्टोरीतला चालणारा भाग आहे. मी म्हणालो, तो खरा माणूस आहे, गावात राहतो. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारले, “त्याने लेखी तक्रार केली आहे का?” मी म्हणालो, नाही. “मग?” ते म्हणाले.

राजीनामा सुचला होता, पण दिला नाही. तेव्हा मी आणखी काही वर्षे त्याच धंद्यात काढणार होतो. साहेबांवर राग काढताना हे वाक्य मी स्वतःला परत परत वाचून दाखवतो.

जेठात मुंबईचे मोठे साहेब येणार म्हणून मोहाडीला मोठा कार्यक्रम ठरला. शाळेचा हॉल, दुपारची वेळ. स्लाईडला अंधार हवा, म्हणून शाळेच्या सतरंज्या खिडक्यांवर ठोकल्या. आत उकाडा असा की मोठ्या साहेबांच्या गळ्यातल्या हाराची फुले भाषणाआधीच माना टाकून बसली. दहा-बारा गावांची माणसे आणली होती. मंचावर पाच खुर्च्या, पाचव्या खुर्चीवर धाकटा मामा, फेटा बांधून. यायला त्याने एका शब्दाने नकार दिला नव्हता. साहेबांना ते उत्साहाचे लक्षण वाटले. त्याला पाठ करायला त्यांनी एक कागद दिला होता. तो त्याने घडी घालून खिशात ठेवला होता आणि वाचता येत असूनही उघडला नव्हता.

स्वागत झाले. परिचय झाला. परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. मोठे साहेब कृषिक्रांतीवर बोलले, हिंदीत. मग सतरंज्या नीट ओढून अंधार केला गेला आणि मी गोष्ट सांगितली, पूर्ण, आळशी भावासकट. मामापासून पाच हातांवर उभा राहून सांगितली. हॉल हुंकार देत होता. ‘पाहू न उद्या’ला हॉल हसला. मोठे साहेब शेजारी वाकून काहीतरी म्हणाले आणि आमचे साहेब नम्रपणे हसले. त्या हास्यात बढती दिसत होती.

मग दिवा लागला आणि मामाला माईकपाशी बोलावले. त्याने माईककडे पाहिले आणि बाजूला सरून उभा राहिला. त्याला त्याची गरज नव्हती.

“राम राम,” तो म्हणाला. “एक सांगतो. हुंकार देऊ नका. हे कहाणी नोहे.”

पुढच्या रांगेतल्या माणसांनी विड्या विझवल्या. मागे कोणी खोकत होता तो थांबला. मी त्या लोकांना दोन महिने हसवत होतो. इतका गप्प हॉल मला एकदाही मिळाला नव्हता.

“थ्या फोटोतला धान माया नोहे. माया दादाचा होय. त्यानं थे पावडर मारली नाई. मी एका बांधीत मारली, तुडतुडे मेले, मासेबी मेले. माया दादा मोहाखाली निजत नाई, गावाचं पाणी पाहाते. मी त्याच्या वावरात उभा रायलो, हे माही चूक.”

एवढे बोलून तो खुर्चीकडे गेला नाही. मंचावरून उतरला आणि लोकांत, जमिनीवर जाऊन बसला. माझे नाव त्याने घेतले नाही. दहा गावांची माणसे समोर होती, माझ्याकडे बोट करायला त्याला एक क्षण पुरला असता.

कोणी बोलले नाही. हूं नाही, टाळी नाही. आमच्या भागात खरे ऐकल्यावर जे करतात ते सगळ्यांनी केले. सतरंजीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येऊन रिकाम्या पाचव्या खुर्चीवर पडली होती. मोठ्या साहेबांना झाडीबोली कळत नव्हती. त्यांनी आमच्या साहेबांना विचारले, काय म्हणाला? आणि आमच्या साहेबांनी, मी शेजारीच उभा होतो, सांगितले, “बहुत भावुक हो गए सर।”

मोठे साहेब उठून टाळ्या वाजवू लागले. एकटेच. थोड्या वेळाने मंचावरच्या इतरांनी साथ दिली. खाली बसलेल्यांपैकी एकाचाही हात हलला नाही. तीच शांतता पुढे मुंबईला गेली, तिथे तिला पॉलिश झाले, आणि दहा वर्षांनी विमानात बसून नागपूरला परत आली. साहेबांच्या एका वाक्याने माझ्या मामाच्या तोंडून त्याचे बोलणे काढून घेतले आणि त्या जागी अश्रू ठेवले. माणसाला खोटे बोलायला लावणे मी समजू शकतो, ते मीही केले. पण खरे बोललेल्याला मुका करून त्याच्या मुकेपणावर प्रशिक्षण द्यायचे, आणि वर गोड तीन प्रकारचे!

संध्याकाळी मामाबरोबर मी त्याच्या गावाला गेलो. आमच्या आधीच्या बसने हॉलमधली तीन-चार माणसे गावात पोचली होती आणि बोलणे त्यांच्याबरोबर पोचले होते. मोठ्याच्या ओसरीवर मामी म्हणाली, ते पाळीवर गेले आहेत.

मोठा मामा मोरीच्या तोंडाशी पाटातला गाळ काढत होता. गाव बसायला अजून पाच दिवस होते. पाण्याचे काम त्याच्याकडे राहील की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि पाट तो साफ करत होता. ऊन कलले होते. आम्ही पाळीवर उभे राहिलो. त्याने वर पाहिले नाही. फावडे चालू राहिले.

“दादा,” धाकटा म्हणाला.

फावडे थांबले. मोठ्याने ओंजळभर गाळ हाताने काढून कडेला टाकला, हात धोतराला पुसला.

“हुंकार कोन देल्लं?” त्याने विचारले.

“कोनीच नाई.”

मोठ्या मामाने मोरीच्या लाकडी दट्ट्यावरचा गाळ बोटाने निपटला. मग म्हणाला, “मंग आयकलं त्यायनं.”

त्याने फावडे उलटे करून दांडा वर धरला. धाकटा धोतर खोचून पाटात उतरला, दांडा धरला आणि गाळाला लागला. मोठा वरच्या अंगाने हाताने काढू लागला. फेटा अजून डोक्यावर होता, तो काढायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

मला कोणी काही धरायला दिले नाही. मी पाळीवर उभा होतो, कंपनीचे बूट घालून, आणि खाली ते दोघे काय बोलत होते ते वाऱ्यामुळे मला ऐकू येत नव्हते.